खिळ्यावरची किल्ली

पडदा ओढणाऱ्या माणसाचा फोटो कुठे छापून येत नाही. मला ते फार सोयीचं पडलं. धरमपेठेत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं नाट्यगृह आहे. दीडशे खुर्च्या, त्यातल्या चार डुगडुगतात, आणि त्या कुठल्या हे नेहमीच्या प्रेक्षकांना पाठ आहे. दिवसभर मी एका कचेरीत आवक-जावक बघतो आणि संध्याकाळी इथं रंगमंच व्यवस्थापक असतो. पंचवीस वर्षं झाली. दोन्ही ठिकाणी काम तेच, आलेली वस्तू नोंदवायची, गेलेली वस्तू नोंदवायची आणि आपण मधे बोलायचं नाही.

मी बोलत नाही म्हणून लोक मला सज्जन समजतात. त्या समजुतीवर मी अठरा वर्षं काढली. आज ती एवढीशी गोष्ट लिहून टाकतो.

डाव्या विंगेत माझं स्टूल असतं. स्टुलावर बसलं की उजव्या हाताशी पडद्याची दोरी आणि डाव्या हाताशी कूलरचं बटण. नागपुरात मार्च लागला की कूलरशिवाय नाटक होत नाही आणि कूलर चालू असताना नाटक ऐकू येत नाही. आमचे दोन्ही कूलर लोखंडी, पाण्याचे, मालगाडीसारखे आवाज करणारे. नट त्यांच्यावरून ओरडून बोलायला शिकलेत. पण हळू बोलायचा प्रवेश आला की मी बटण दाबतो. मग सभागृहात एकदम शांतता होते, लोक तिकिटानं वारा घेऊ लागतात. आमच्या प्रेक्षकांना ही खूण कळलेली आहे. कूलर बंद झाला, म्हणजे आता कोणीतरी रडणार.

दुसरा माझा नियम हाताचा. रंगमंचावरून कोणीही विंगेत आलं, की हातातली वस्तू माझ्या हातात द्यायची. छत्री असो, कपबशी असो, पत्र असो. मी न बघता हात पुढं करतो, ते न बघता वस्तू ठेवतात. माझ्यामागे पत्र्याची पेटी असते, तिच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असते. वस्तू पेटीत गेली, की यादीवर खडूची खूण. यामुळे नाटक संपल्यावर अकरा मिनिटांत मी रंगमंच रिकामा करून देत असे. 'अकरा मिनिटं' हा माझा एकुलता एक पराक्रम. दुसऱ्या संस्थांची माणसं तो बघायला येत. आता खरं सांगायचं तर त्यातली अर्धी मिनिटं मी चोरलेली असत. शेवटचा प्रवेश चालू असतानाच मी मागे आवरायला घेत असे.

अठरा वर्षांपूर्वी आमच्याच नाट्यगृहात स्पर्धा होती. दिवसाला दोन नाटकं, आमचं दुपारी चारला, लगेच पाठोपाठ दुसऱ्या संस्थेचं. आमच्या नाटकात एक बाई राहतं घर कायमचं सोडून निघते, एवढीच गोष्ट. ते काम एक शिक्षिका करत होत्या. शाळा काटोलला, घर काटोलला, तालमीसाठी आठवड्यातून तीनदा एस.टी.नं नागपूरला यायच्या. हंगामात पिशवीभर संत्री आणायच्या आणि तालीम सुरू व्हायच्या आधी साली गोळा करून स्वतः टाकायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला भाऊ. यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं, पण विंगेत उभं राहून दोन-अडीच महिने एखाद्याचं काम बघितलं की बोलायची गरजही राहत नाही.

त्यांनी हे काम घेतलं होतं शेवटच्या बारा मिनिटांसाठी. सगळी माणसं सामान घेऊन निघून जातात. बाई दाराला कुलूप लावते, किल्ली मुठीत धरते आणि विंगेत येते. रंगमंच रिकामा. मी कूलर बंद करायचा. मनात दहा आकडे मोजून ती परत येते, कुलूप उघडते आणि रिकाम्या घराशी बारा मिनिटं एकटी बोलते. मग दुसऱ्यांदा कुलूप लावते, आणि या वेळी किल्ली सोबत न घेता चौकटीवरच्या खिळ्याला अडकवून जाते. खिळ्याला किल्ली लागली की मी दोरी ओढायची. म्हणजे पहिल्या कुलपाला डावा हात, दुसऱ्या कुलपाला उजवा हात. तालमीत मी एकदाही चुकलो नव्हतो. त्या बारा मिनिटांत मॅडम बसमध्ये बसणाऱ्या, साली गोळा करणाऱ्या बाई राहत नसत. आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे सर म्हणतात आणि जे कोणाचं कौतुक करत नाहीत, तेही तेवढा वेळ खुर्चीत हलत नसत.

स्पर्धेच्या दिवशी पुढच्या संस्थेची माणसं त्यांचं नेपथ्य घेऊन जिन्यात उभी होती. त्यांचा व्यवस्थापक दोनदा विंगेत डोकावून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "ऐकलंय तुमचं अकरा मिनिटांचं. पाहू आज." झालं, माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. मी पेटीकडे तोंड करून कपबश्या कागदात गुंडाळत होतो. यादीवर खुणा करत होतो. इतक्यात मागे कुलपाचा खटका ऐकू आला, आणि मी वळून उजव्या हातानं दोरी ओढली.

पडदा पडला. बाहेर टाळ्यांचा असा कडकडाट की कूलरचा आवाज झाकला गेला. कूलर अजून चालूच होते, त्यावरून मला कळलं की मी काय केलं.

मॅडम विंगेत माझ्यासमोर उभ्या होत्या. ओठ हलत होते, बहुतेक सहा-सात आकड्यांपर्यंत पोचल्या असतील. त्यांना काय झालं ते उमगलं नव्हतं. माझा हात सवयीनं पुढं झाला होता. त्यांनी सवयीनं किल्ली त्यात ठेवली. पलीकडून सरांच्या चपला धावत येताना ऐकू येत होत्या. मॅडम त्या आवाजाकडे वळल्या. आणि मी तीन पावलं पुढं गेलो, किल्ली खिळ्याला अडकवली, तीन पावलं मागे येऊन दोरीशी उभा राहिलो.

विचार करून केलं असं म्हणता येत नाही. पण नकळत झालं असंही म्हणू शकत नाही. सहा पावलं होती.

"काहून पाडला गा पडदा?" सर आले ते ओरडतच. "बारा मिनिटं नाटक बाकी आहे अजून."

"मॅडमनं किल्ली खिळ्याला लावली," मी म्हणालो. "मी पडदा पाडला."

सरांनी चौकटीकडे बघितलं. किल्ली अजून हलत होती. मॅडमनी किल्लीकडे बघितलं, मग स्वतःच्या तळहाताकडे, मग परत किल्लीकडे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते बरं झालं असं तेव्हा मला वाटलं.

"लागली असेल सर," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं लागली असेल."

अकरा मिनिटांच्या जागी मी दहा मिनिटांत आवरलं.

इथपर्यंत गोष्ट नुसती वाईट आहे. पुढं ती चमत्कारिक होते. दुसऱ्या दिवशी निकाल लागला आणि दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस सरांना. परीक्षक भाषणात म्हणाले, बाई कुलूप लावून निघून गेली आणि आपण बंद दारासमोर बसलो आहोत, असा धाडसी शेवट त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता. सर मान खाली घालून नम्रपणे ऐकत होते. चहापर्यंत त्यांचं मॅडमवरचं रागावणं संपलं, संध्याकाळपर्यंत त्यांना आठवू लागलं की असा शेवट त्यांच्या मनात घोळतच होता. आठवड्याभरात त्यांनी संहितेतली ती बारा मिनिटं लाल पेनानं कापली. पुढचे प्रयोग तसेच झाले. कुलूप, पडदा, टाळ्या. मॅडमनी दोन प्रयोग केले. मग एस.टी.च्या वेळा जमत नाहीत म्हणून कळवलं आणि थांबल्या. त्यांच्या जागी दुसरी बाई आली. कुलूप कोणीही लावू शकतं.

मी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी भीती होती, दुसऱ्या दिवशी बक्षीस होतं, आणि नंतर उशीर झालेला होता. नाटकाची ती किल्ली मात्र मी दुसऱ्या कुठल्या नाटकाला वापरू दिली नाही. पेटीच्या तळाशी ठेवली. कोणी विचारलं, तर गंजली आहे म्हणायचो. ती पितळेची आहे.

यंदा संस्थेला पंचवीस वर्षं झाली. सरांनी ग्रुपवर लिहिलं की तेच नाटक, त्याच संचात, एकच प्रयोग करायचा, "तोच ऐतिहासिक शेवट घेऊन". खाली अंगठे, फुलं, टाळ्या. दोन दिवसांनी मॅडमचा मेसेज आला. मी कचेरीत वाचला. 'आठवण ठेवली, आनंद वाटला. पण मला घेऊ नका. माझ्या हाताचा भरवसा नाही.'

रविवारी सकाळी मी काटोलच्या एस.टी.त बसलो. बायकोला सांगितलं संत्री आणायला जातो. ती म्हणाली, संत्री काय नागपुरात मिळत नाहीत? मी म्हटलं, तिथली चांगली असतात. म्हणजे या कामाची सुरुवातही मी खोट्यानंच केली.

काटोलला उतरून मी बाजारातून चालत गेलो. हंगाम संपत आला होता, शेवटचे ढीग लागले होते. मॅडमचं घर एका शाळेच्या मागे. पोचलो तेव्हा नवरा-बायको कुठंतरी निघाले होते. यजमान फाटकाबाहेर स्कूटर चालू करून बसले होते. मॅडम दाराशी होत्या. केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं. दोन पायऱ्या उतरल्या, परत चढून ओढून बघितलं. मूठ उघडून किल्ली बघितली, मूठ मिटली. फाटकापर्यंत आल्या आणि पुन्हा मागे गेल्या.

"झालं का वं?" यजमान हसत म्हणाले. मग मला बघून, अनोळखी माणसालाही सांगावं इतक्या मजेनं सांगू लागले, की आमच्या घरी असंच आहे. कुठं जायचं असलं तर पंधरा मिनिटं आधी निघा लागते. बाकी सगळं लक्षात राहते तिच्या, शाळेतल्या पोट्ट्यांच्या बापाची नावं पाठ आहेत, पण कुलूप लावलं का नाही, किल्ली कुठं ठेवली, यावर तिचा तिलेच भरवसा नाही. अठरा वर्षं झाले असतील. नाटक सोडलं तेव्हापासून.

मला वाटलं होतं, मी एका बाईची बारा मिनिटं घेतली.

मॅडमनी मला ओळखलं. स्कूटर बंद झाली, कुलूप उघडलं गेलं, मला व्हरांड्यात बसवलं, चहा आला, सांबारवडी आली. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि काटोलच्या पाहुणचाराला नाही म्हणता येत नाही. मी चार वड्या खाल्ल्या. मग पाचवी हातात घेऊन सगळं सांगितलं. पेटी, खटका, दोरी, तीन पावलं. यजमान दाराला टेकून ऐकत होते. मी वडीकडे बघून बोलत होतो.

मॅडमच्या बोलण्यात एरवी शाळेची मराठी असायची, ती या वेळी राहिली नाही.

"मले आठवत होतं," त्या म्हणाल्या. "किल्ली मी तुमच्या हातात दिली, हे मले पक्कं आठवत होतं भाऊ. तुमचा हात गरम होता, तेही आठवत होतं. पण समोर खिळ्यावर दिसून राहिली होती ना. मी म्हटलं, मंग आपली आठवणच खोटी. ज्या बाईले आपला हात कुठं गेला ते समजत नाही, तिनं स्टेजवर कायले जाव?"

मी काहीतरी पुटपुटलो. माफीचाच शब्द असेल.

"माफी ठेवा तुमच्यापाशी. आणि ते वडी खाऊन घ्या, किती वेळची धरून बसले." मग त्या हसू लागल्या. यजमानांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलं का? मी विसरभोळी नाही." ते म्हणाले, "म्हणजे आता वेळेवर निघाचं?" दोघं इतकं हसले की मलाही हसावं लागलं, आणि ते हसणं मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "मी येते नाटकाले," म्हणाल्या. "माफीबिफी नको. माहे बारा मिनिटं द्या."

बारा मिनिटं माझ्याजवळ होतीच कुठं? लाल पेनाखालची संहिता माझ्या पेटीत होती एवढंच. ती मी त्यांना पोस्टानं पाठवली, आणि सरांकडे जाऊन दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असा माझा अंदाज होता. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले की तुले वयामुळं भास होऊन राहिले. तो शेवट त्यांच्या डोक्यात आधीपासून होता. त्यावर त्यांनी तीन ठिकाणी भाषणं केली आहेत. "कुलूप लागलं की पडदा पडला पाहिजे," ते म्हणाले. "लोक त्याच्यासाठीच येऊन राहिले."

मी बरं म्हणालो. आयुष्यभर बरं म्हटलेल्या माणसाच्या 'बरं'वर कोणी संशय घेत नाही.

तालमी झाल्या. मॅडम यायच्या, कुलपापर्यंत नाटक करायच्या, विंगेत यायच्या, माझ्या हातात किल्ली द्यायच्या. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. फक्त एकदा, चहाच्या वेळी, त्यांनी विचारलं, कूलरचं बटण अजून तिथंच आहे ना? मी म्हटलं, आहे.

प्रयोग रविवारी सकाळी अकराला होता. दीडशे खुर्च्या भरल्या, डुगडुगणाऱ्या चारसुद्धा. सर पहिल्या रांगेत, नवा झब्बा. शेवटाची कीर्ती सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे सामान घेऊन माणसं एकेक करून जाऊ लागली तशी लोकांनी टाळ्यांसाठी हात मोकळे केले. मी पेटीकडे पाठ करून बसलो होतो. झाकण उघडं होतं, यादीवर एकही खूण नव्हती. कपबश्या जमिनीवर पडल्या होत्या.

कुलपाचा खटका झाला. माझा उजवा हात मांडीखाली होता, मुद्दाम तसा घेऊन बसलो होतो. डाव्या हातानं मी बटण दाबलं.

कूलर थांबले. सर खुर्चीतून अर्धे उठले होते, तसेच राहिले. त्यांनी विंगेकडे बघितलं. मी त्यांना दिसत नाही, पण मी कुठं आहे ते त्यांना माहीत आहे. सभागृहात तिकिटं हलू लागली.

मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझा हात, काय करणार, सवयीनं पुढं झालेला होता. त्यांनी किल्ली एकदा माझ्या तळव्याला टेकवली आणि परत मुठीत घेतली. ओठ हलू लागले. या वेळी मीही त्यांच्याबरोबर मोजलं. दहाला त्या गेल्या.

त्या प्रवेशात फार काही घडत नाही. बाई रिकाम्या घराला कामं सांगते. दूधवाल्याला एकच पिशवी सांग, टाकीवर लक्ष ठेव, पावसाळ्यात त्या कोपऱ्यात बादली लाव, मागची मांजर आली तर मी गेले म्हणून सांगू नको, ती रुसेल. लोक हसत होते, मग हसेनासे झाले. दोन-तीन ठिकाणी त्यांची वाक्यं मागेपुढे झाली. आवाज पूर्वीइतका चढत नव्हता, पण कूलर नसताना तो चढायची गरजही नव्हती. बारा मिनिटांची चौदा झाली. अठरा वर्षांपूर्वी हे कसं झालं असतं मला माहीत आहे, तालमीत पाहिलं होतं. तेव्हाचं जास्त चांगलं होतं. ते कोणी पाहिलं नाही, आणि ते मी परत देऊ शकलो नाही, हे इथं लिहायला हवं.

शेवटी त्या बाहेर आल्या, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं. दोन पावलं जाऊन परत फिरल्या, तिसऱ्यांदा ओढलं. हे संहितेत नाही. सभागृहात मागे कुठंतरी एक माणूस मोठ्यानं हसला. यजमान असणार. मग त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली, विंगेत आल्या आणि दोन्ही तळहात उघडून माझ्यासमोर धरले. रिकामे.

मी दोरी ओढली.

सर आत आले तेव्हा लोक अजून टाळ्या वाजवत होते. त्यांनी खिळ्यावरची किल्ली बघितली, मॅडमना बघितलं, मला बघितलं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी सांगत नाही, पंचवीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लं आहे. शेवटी म्हणाले, "दोन मिनिटं जास्त झाले. पण चालते." आणि जाता जाता, "हा शेवट पण माह्या डोक्यात होताच." मॅडम तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

त्या दिवशी सामान आवरायला मला पाऊण तास लागला. एक कप फुटला. किल्ली सगळ्यात शेवटी काढली.

परवा काटोलहून यजमानांचा फोन आला होता. संत्री संपली, आता पुढच्या हंगामात या म्हणाले. मी मॅडमची चौकशी केली. बरी आहे, म्हणाले, आता कुलूप दोनदाच ओढते.